चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्ये टेप घेऊन शिरा आणि उभ्या गाड्यांची लांबी मोजा. वॉचमन हटकेल. आरटीओतून आलोय म्हणा, तो टेपचं दुसरं टोक धरेल. ब्रेझा 3,995 मिलिमीटर. व्हेन्यू 3,995. नेक्सॉन 3,995. सोनेट 3,995. आणि कोपऱ्यात अंगावरचा चिखल वाळवत उभी असलेली बोलेरो? तीही 3,995. कंपन्या वेगळ्या, कारखाने वेगळे, पण प्रत्येक डिझायनरची प्रतिभा चार मीटरला पाच मिलिमीटर बाकी असतानाच आटते.

ही करामत कलेची नाही, कराची आहे. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली आणि आपल्याकडच्या मोटारींची शेपटी अर्थखात्यानं कापायला सुरुवात केली. पुढे जीएसटी आला, पण चार मीटरची रेघ हलली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून तर हिशेब फारच सरळ झाला. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचं असेल तर 1,200 सीसीपर्यंत आणि डिझेलचं असेल तर 1,500 पर्यंत, तर कर 18 टक्के. त्याहून मोठी असेल तर 40.

यातली गंमत अशी की बोलेरो लांबीतही बसते आणि डिझेल इंजिनातही. म्हणजे ज्या गाडीतून सरपंच उतरले की पारावरची माणसं तंबाखू थुंकून उभी राहतात, ती गाडी सरकारी कागदावर अल्टोच्या ओळीत बसलेली छोटी गाडी आहे. तीच गत दीड लिटर डिझेलच्या थारची. रस्त्यावर वाघ, कागदावर मनीमाऊ.

तर आज मध्यमवर्गीय मराठी घरात गाडी घ्यायची म्हटलं की दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, छोटी एसयूव्ही घ्यावी: शहरात वळते, सोसायटीत मावते, हप्ता झेपतो. दुसरा पक्ष म्हणतो, घ्यायची तर खरी घ्यावी, चासीवाली. या दुसऱ्या पक्षाचा पुढारी बहुधा असा माणूस असतो, ज्याचा सगळ्यात खडतर दैनंदिन प्रवास वारजे ते हिंजवडी हा आहे.

आमच्याकडे हा पुढारी म्हणजे माझा मेहुणा. आयटीत आहे. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

“दाजी, स्कॉर्पिओ-एन बघून आलो. काय रोड प्रेझेन्स आहे! मागून आली की लोक आपसूक बाजूला होतात.”

“कुठं? वारज्याच्या पुलाखाली?”

“तसं नाही... हायवेला.”

वारज्याच्या पुलाखाली अँब्युलन्ससाठीही लोक आधी एकमेकांकडे बघतात आणि मग सरकतात. पण मेहुण्यानं प्रश्न मनावर घेतला आणि पुढच्या रविवारी सासरी बैठक बसली. आमचं सासर पाटण तालुक्यात. पावसाळ्यात तिथं पाऊस येत नाही, राहायला येतो. शेताकडची शेवटची वाट कच्ची आहे आणि जुलैमध्ये ती वाट आहे की ओढा, हे ठरवायला जुना माणूस लागतो. त्यामुळे मेहुण्याच्या बाजूनं खरोखरचा एक मुद्दा होता, हे आधीच कबूल केलेलं बरं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनी सुरुवात केली. “गाडी म्हंजे कशी पायजे, अँबेसिडरसारखी. खाली अख्खी लोखंडी चासी! आत्ताच्या गाड्या म्हंजे नुसतं पत्र्याचं डबडं.”

आता, चासीवाली गाडी म्हणजे काय ते एकदा सांगतो. खाली पोलादाचे दोन लांब, जाड गर्डर आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, शिडी आडवी टाकावी तसा सांगाडा. इंजिन, गिअरबॉक्स, चाकांचे आख, सगळं या सांगाड्याला. माणसं बसतात ती बॉडी त्याच्यावर रबरी गाद्या ठेवून बोल्टनं आवळलेली असते. बैलगाडीवरची साटी उचलून बाजूला ठेवली तरी खाली आख आणि चाकं उरतात, तसं. दुसऱ्या प्रकारात वेगळा सांगाडाच नसतो. तळ, खांब, छत हे सगळं एकत्र वेल्ड केलेलं असतं आणि भार तो अख्खा पत्राच पेलतो. याला मोनोकॉक म्हणतात. वजन कमी, तळ खाली, वळणावर गाडी कमी झुकते, आणि धडक बसली तर पुढचा भाग ठरवून चुरगळतो म्हणजे आतल्या माणसांना धक्का कमी पोचतो. चासीवाली जड असते, पण ओझं आणि पिळवटणं सोसते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असलं तरी तिचं काही बिघडत नाही.

आणि अँबेसिडर यातली दुसऱ्या प्रकारची होती. ती ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तीही मोनोकॉकच. मामांचं पत्र्याचं डबडं ते हेच. मी काही बोललो नाही. जावयानं सासऱ्याची अँबेसिडर मोडायची नसते.

अँबेसिडरचं सोडा, सफारीचं बघा. 1998 साली आली तेव्हा ती चासीवर उभी होती आणि तिच्यातून पुढारी उतरत असत. 2021 साली तेच नाव परत आलं ते मोनोकॉक बांधणी आणि पुढच्या चाकांवरचा जोर घेऊन. इनोव्हाही तशीच. 2005 पासून चासीवर पळून पळून तिनं निम्म्या महाराष्ट्राला शिर्डी-तिरुपती घडवली, आणि 2022 साली आलेल्या तिच्या हायक्रॉस अवतारानं चासी सोडली. धर्मांतराची एवढी मोठी घटना, पण कुणी मोर्चा काढला नाही. कारण गाडीखाली वाकून बघतो तो फक्त फिटर. बाकीचे बघतात ते ग्रिल, दिवे आणि सनरूफ.

सनरूफ हा आमच्या बैठकीतला तिसरा पक्ष. त्या पक्षाची एकुलती एक सदस्य माझी भाची, वय आठ. तिला चासी, डिझेल, अर्थखातं कशाशीच कर्तव्य नव्हतं. छपरातून डोकं बाहेर काढता येतं का, एवढाच प्रश्न. हे धोक्याचं आहे आणि चालत्या गाडीत करायचं नसतं, हे सगळ्यांनी तिला सांगितलं. मग मामांनी हळूच विचारलं, “आन उभ्या गाडीत?”

चासीवाल्या गाडीच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. शंका असायला मी पश्चिम महाराष्ट्राबाहेर वाढायला हवं होतं. आमच्याकडे वडाप होतं. ट्रॅक्स नाहीतर कमांडर जीप, मागच्या आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लावून बसलेली माणसं, त्यांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर पिशव्या, टपावर खताची पोती आणि एखादी सायकल, मागच्या पायरीवर लटकलेले कॉलेजकुमार. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला दार आणि ड्रायव्हर यांच्या मधेही एक प्रवासी असे. तो प्रवासी अर्धा बाहेरच असे. गिअर टाकायचा असला की मधल्या माणसाला सांगावं लागे, “पावणं, पाय.” असा ऐवज घेऊन ती जीप कुंभार्ली घाट चढे. त्या गाडीला पाच तारे नव्हते, एअरबॅग नव्हत्या, एसी नव्हता. पण सांगाडा होता. आजच्या कुठल्याही छोट्या एसयूव्हीला तो ऐवज एक दिवस दिला तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठणार नाही.

पण इथं एक प्रश्न मेहुण्याला विचारावाच लागतो. बाबा रे, तू वडाप चालवणार आहेस का?

घाटाचा विषय निघाला म्हणून सांगतो, चासीवाल्या गाडीचा एक दोष कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. तिच्यात मागं बसलं की गाडी लागते. उंच, जड बॉडी वळणावर झुलते, मागची सीट नेमकी मागच्या चाकांवर येते, आणि आंबा घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणाला घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, “जरा थांबवता का?” मग लिंबू, आवळासुपारी, प्लास्टिकची पिशवी. नव्या गाड्यांत सस्पेन्शन पुष्कळ सुधारलंय, हे खरं. पण झुलणं कमी झालं, गेलं नाही. सासूबाईंना एसटीतही लागत नाही. मेहुण्याच्या टेस्ट ड्राइव्हला मात्र त्यांनी खिडकीची काच खाली केली ती घरी पोचेपर्यंत वर केली नाही.

सासूबाईंचा दुसरा मुद्दा चढण्याचा. गुडघे दुखतात. चासीवाल्या गाडीचा तळ सांगाड्याच्या वर बसतो, त्यामुळे आत शिरायला आधी फूटस्टेपवर पाय, मग खांबाला हात, मग एक उडी. थारच्या तीन दरवाजांच्या मॉडेलमध्ये मागं जायचं तर पुढची सीट सरकवून, अंग चोरून जावं लागतं. नऊवारीत हा प्रयोग करून बघितला. पुढचं वर्णन करत नाही. “मी आपली एसटीनं येईन,” एवढंच त्या म्हणाल्या.

टेस्ट ड्राइव्ह हा प्रकारच मुळात गमतीचा. ज्या गाडीच्या जाहिरातीत ती खडकांवरून, नदीतून, बर्फातून जाते, तिची चाचणी शहरातल्या सगळ्यात गुळगुळीत रस्त्यावर घेतात. एक सिग्नल, एक यू-टर्न, परत. मेहुण्यानं समोरच्या खोदलेल्या रस्त्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “तिकडून नेतो जरा.” सेल्समन दचकला. “नको सर, तिकडं रस्ता फार खराब आहे. गाडीला लागेल.”

मग ॲव्हरेज. हा प्रश्न आपण गाडीबद्दल विचारतो त्या श्रद्धेनं स्थळाबद्दलसुद्धा विचारत नाही. माहितीपत्रकात जो आकडा असतो त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘एआरएआय प्रमाणित’ असं लिहिलेलं असतं. ही संस्था 1966 साली स्थापन झाली आणि ती पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. निम्मं कोथरूड रोज सकाळी तिच्या शेजारून फिरायला जातं आणि घरी येऊन तक्रार करतं की कंपनीनं सांगितलेलं ॲव्हरेज मिळत नाही. मिळेल कसं? तिथं गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालते. रोलरवर खड्डा नसतो, समोरून उलट्या दिशेनं येणारा स्कूटरवाला नसतो, एसी लावून शाळा सुटायची वाट बघत उभं राहावं लागत नाही. तरीही दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा खरा असतो, आणि तुलना सांगते की जड गाडी जास्त पिते. तेवढं लक्षात ठेवावं. बाकीचा हिशेब आपला आपण.

मामांचा हुकमी एक्का अजून बाकी होता. “दणकट गाडीत माणूस वाचतो.” हा समज इतका पक्का आहे की त्याला आकड्यांनी हात लावायला भीती वाटते, पण लावतो. 2016 साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. 2018 साली पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली ती नेक्सॉन, म्हणजे मामांच्या भाषेत पत्र्याचं डबडं. आणि 2022 साली पाच तारे मिळवले ते स्कॉर्पिओ-एननं, चासीवर उभं राहूनच. म्हणजे चासी आहे की नाही यावर काहीच ठरत नाही. त्या विशिष्ट मॉडेलची चाचणी काय सांगते, यावर ठरतं. पुढच्या बंपरला लोखंडी गार्ड ठोकून माणूस वाचतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी: तो गार्ड धडकेचा धक्का थेट सांगाड्यात नेतो, एअरबॅगचं गणित चुकवतो, आणि केंद्र सरकारनं 2017 सालीच राज्यांना त्याच्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. गार्डवर पक्षाचं चिन्ह असलं तरी.

आता वहिनीसाहेबांचं मत. मेहुण्याची बायको बैठकीत सगळ्यात कमी बोलली आणि सगळ्यात नेमकं बोलली. स्कॉर्पिओ-एनची लांबी 4,662 मिलिमीटर आहे, हे तिनं फोनवर शोधलं. मग ती उठली, पर्समधून सोसायटीच्या पार्किंगचा नकाशा काढला आणि टीपॉयवर ठेवला. दोन खांबांच्या मधली जागा. शेजारच्यांची गाडी उजवीकडे, भिंत डावीकडे. “गाडी आत जाईल,” ती म्हणाली, “पण मग तुम्ही सगळे डिकीतून उतरणार का?”

मेहुण्यानं शेवटचा बचाव केला. “मग थार घेऊ. ती चार मीटरच्या आत आहे.”

थारबद्दल माझं मत वाईट नाही. नाशिकला बनते, 650 मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, आणि तिचा ‘फोर लो’ गिअर टाकला की ती कासवाच्या वेगानं पण हत्तीच्या जोरानं चढते. पण तिच्या पोटाखालची जागा 226 मिलिमीटर आणि नेक्सॉनची 208. फरक अठरा मिलिमीटरचा. गावाकडच्या गतिरोधकासाठी दोन्ही पुरतात. खरा फरक आहे तो चारही चाकांना मिळणाऱ्या जोराचा. आणि जानेवारी 2023 पासून जी दहा लाखांच्या आतली थार मिळायला लागली, तिच्यात तो नाही. ती फक्त मागच्या दोन चाकांवर चालते. मेहुणा बघून आला होता ती नेमकी हीच. म्हणजे चिखलात ती फक्त रुबाबात अडकणार.

या सगळ्या गोंधळात एक माणूस गप्प होता. तात्या, मामांचे धाकटे भाऊ. त्यांच्याकडे जुनी बोलेरो आहे. रोज पहाटे दुधाचे कॅन डेअरीला, दिवसा भाताचं बियाणं नाहीतर आजारी माणूस, संध्याकाळी शाळेतली पोरं. ती गाडी कधी धुतलेली मी पाहिली नाही, पाऊस धुतो. तिचा सायलेन्सर तारेनं बांधलाय, एक दार आतून उघडत नाही, आणि ती कुठंही बंद पडली तर गावातला कुठलाही फिटर पाना आणि शिवी एवढ्या भांडवलावर ती चालू करतो. चासीवाली गाडी ज्या कामासाठी जन्माला आली ते काम महाराष्ट्रात कोण करतं असं कुणी विचारलं तर मी तात्यांचं घर दाखवीन.

मेहुण्यानं त्यांना विचारलं, “तात्या, तुम्हीच सांगा. चिखलात कोणती गाडी चांगली?”

तात्या म्हणाले, “मला काय इचारतो? माझी ही गाडी इकून मी ते सनरूफवालं घ्यायचं म्हंतोय. मऊ चालतंय म्हणं. एसी गार लागतोय. पाटणला जाऊन यायचं, काच लावायची, गाणी लावायची. चिखल बघून कटाळलोय बाबा.”

बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. ज्याच्या वाट्याला रोज चिखल आहे, तो त्यातून सुटायला पैसे साठवतोय. आणि ज्याच्या पायाला चिखल लागत नाही, तो त्यात शिरायला कर्ज काढतोय. दोघंही चार मीटरच्या आतच शोधत होते, एवढंच साम्य.

शेवटी मेहुण्यानं छोटी एसयूव्ही घेतली. सनरूफवाली. ज्या रांजणगावला तिचा कारखाना, तिथल्याच महागणपतीला तिला आधी नेली, हार-नारळ झाला, लिंबू चाकाखाली चिरडलं. भाचीनं गाडी उभी असताना डोकं बाहेर काढलं, तिच्यामागून मामांनी. शेताच्या वाटेनं ती जूनपर्यंत बिनतक्रार जाते. जुलै-ऑगस्टमध्ये डांबरी रस्ता संपतो तिथं ती उभी करायची आणि तात्यांना फोन करायचा. तात्या बोलेरो घेऊन येतात. त्यांनी ती अजून विकलेली नाही, कारण गावात त्यांना कुणी विकू देत नाही.

तुमच्याही घरी अशी बैठक बसणार असेल तर माझा सल्ला एवढाच. तुमचं शेत, बाग नाहीतर कामाची साइट कच्च्या रस्त्याच्या टोकाला असेल, वर्षातले निदान चार महिने तिथं जावंच लागत असेल, ओझं ओढायचं असेल, तर बिनदिक्कत चासीवाली घ्या, चारही चाकांना जोर असलेली घ्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी चढवून बघा. बाकी सगळ्यांना छोटी पुरते. एवढं ऐकूनही थारच हवी असेल तर जरूर घ्या. हौसेला कर लागत नाही, लागला तरी दीड लिटर डिझेलवालीला 18 टक्केच. फक्त ती घेऊन दापोली-अलिबागकडे गेलात तर समुद्राच्या वाळूत घालू नका. किनाऱ्यावर गाडी नेली म्हणून पोलीस दंड करतात ते वेगळंच, आणि भरती यायच्या आत ओढून काढायला जो ट्रॅक्टरवाला येतो, तो पैसे आधी घेतो.